नारूच्या गावातला चहा

फराळाच्या ताटाशेजारी चहाचा कप दिसला, की मला आजीच्या पोटरीवरचा व्रण आठवतो. तो नारूचा होता. आमच्या धाराशिवकडे पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ. बायका घागरी घेऊन पाण्यात उतरत, आणि ज्याच्या पायातून नारू डोकावत असे तोही त्याच पायऱ्या उतरे. नारू पाण्यात पिले सोडी, ती सूक्ष्म किड्यांच्या पोटात शिरत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने दोन दोन हात लांब धागा तयार होई. ऐन पेरणीत माणूस खाटेला खिळे.

असल्या मुलखात चहा आला. आजी म्हणे, तो गाडीतून उतरला. बार्शी लाइट रेल्वे 1911 पर्यंत येडशी-ढोकीवरून लातूरला पोचली होती, आणि मळेवाल्यांच्या मागणीवरून 1903 साली बसलेल्या पट्टीतून चहाचा देशभर गाजावाजा चालला होता. आजीच्या सासऱ्यांना मात्र तो खपत नसे. चहाने भूक मरते, हे त्यांचे म्हणणे.

तिकडे 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर लिहिले. चीनमध्ये पाण्याचा भरवसा नसे. पत्तीचा रंग उतरला, की पाणी नीट उकळल्याची खूण पटे, असे त्यात आहे. कडक चहातल्या टॅनिनला त्यांचा विरोधच होता.

उकळत्या पाण्यात नारूचा किडा मरतो, पटकीचा जंतूही मरतो. चहाचा आम्हांला खरा गुण आला असेल तर तो हाच. पण चहा दोन कप, आणि तहानेला घागर! नारू हटला तो गाळलेल्या पाण्याने आणि हातपंपांनी. 2000 साली देश नारूमुक्त ठरला.

2022 साली ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या पाहणीत रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्के कमी दिसला. तो चहामुळेच, असे सिद्ध होत नाही. शिवाय आमचा चहा म्हणजे निम्मा साखरेचा पाक!

मला चिंता आहे ती वेगळीच. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुली चहात भाकरी कुस्करून खाऊन येतात. टॅनिन त्या भाकरीतले लोह अंगी लागू देत नाही. सासऱ्यांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. परवा एकीला प्रार्थनेच्या वेळी भोवळ आली. तिच्या आईला मी म्हणालो, "ताई, चहा द्यायचा तर जेवणानंतर तासाभराने द्या."

ती म्हणाली, "गुर्जी, मग सकाळच्या पारी भाकर कशासंगं द्यावी?"