धुळाक्षरांपासून परीक्षकाच्या आसनापर्यंत (थ्रेड)

१/ इ.स. १०१०. चीनमध्ये सोंग घराण्याचे राज्य. एक साधा सरकारी अधिकारी निवर्तला. मागे तरुण पत्नी आणि चिनी गणनेने चार वर्षांचा मुलगा, औयांग शिऊ. मायलेकांना सुईझोऊ येथे चुलत्याचा आधार मिळाला.

२/ कागद-कुंचल्याला पैसे नव्हते. आईने गवताची काडी घेऊन जमिनीवर अक्षरे काढून दाखवली. आपल्याकडेही मुले धुळाक्षरे गिरवीत. पण चिनी लिपीत मुळाक्षरे नाहीत. ग्रंथ वाचायचे, तर हजारो चिन्हे मुखोद्गत हवीत.

३/ घरात ग्रंथही नव्हते. ओळखीच्या ली कुटुंबाकडे एका जुन्या टोपलीत त्याला हान यू या लेखकाची फाटकी, विस्कळीत पोथी सापडली. दोन शतकांपूर्वीचे ते सरळ, ओजस्वी गद्य कोणी वाचीत नसे. मुलाने ती मागून घेतली.

४/ राजपरीक्षेला मात्र वेगळेच हवे होते : नियमबद्ध काव्य आणि जोडवाक्यांचे अलंकृत गद्य. १०२३ मध्ये यमकाचा नियम चुकला, तो नापास झाला. १०२७ मध्ये पुन्हा अपयश.

५/ पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे : आईच्या पोषणासाठी नोकरी हवी होती, म्हणून हान यू बाजूला ठेवला, वेतन सुरू झाले की त्याच्याकडे परतायचे, असे मनाशी ठरवले. १०३० मध्ये तो सर्वोच्च ‘जिन्शी’ परीक्षा उत्तीर्ण झाला.

६/ १०५७. आता तोच मुख्य परीक्षक. उमेदवारांची नावे झाकलेली; हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांनी प्रत्येक उत्तरपत्रिका नव्याने उतरवलेली. तेव्हा मुद्दाम दुर्बोध लिहिण्याची टूम होती. औयांगने तसे लिहिणाऱ्यांना नापास केले. चिडलेल्या उमेदवारांनी त्याला भर रस्त्यात घेरले.

७/ एक उत्तरपत्रिका त्याला फार आवडली. ती आपल्याच शिष्याची, झंग गोंगची असावी, या शंकेने पक्षपाताचा ठपका नको म्हणून त्याने तिला दुसरा क्रमांक दिला. ती निघाली सू शी या तरुणाची, जो पुढे चीनच्या थोर साहित्यिकांत गणला गेला. झंग गोंग आणि सू शीचा धाकटा भाऊ सू चे हेही त्याच वर्षी उत्तीर्ण झाले.

८/ या परीक्षेने एका अनाथ मुलाला वर आणले, पण त्यासाठी त्याचे आवडते गद्य काही वर्षे दूर ठेवायला लावले. अधिकार हाती येताच त्याने पुढच्या पिढीसाठी तो अडसर दूर केला. हे पाहायला आई मात्र नव्हती. ती १०५२ मध्येच गेली होती.