लाल तेलाची बखर

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी गाडी बाहेर काढली आणि मागे फरशीवर लाल थेंब दिसले. पत्नीला वाटलं, मांजरानं रात्री उंदीर मारला असेल. मी वाकून बोट लावलं, तर बोट बुळबुळीत झालं. ते रक्त नव्हतं, तेल होतं. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, म्हणून मी वापरलेली, बरीच जुनी, पण ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. हिला क्लचचं पेडलच नाही. तिच्या गिअरबॉक्समधलं तेल गळत होतं.

आमच्या भागातल्या मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं आणि निकाल दिला, “चाचा, सील गेलंय. सील बदलतो, लाल ऑइल भरतो. लाल ऑइल सगळं सारखंच असतं.” सील बदललं, तेल भरलं, गळती थांबली. पंधरा दिवसांनी मात्र ताशी ५०-६०च्या वेगात गाडी थरथरू लागली. रस्ता गुळगुळीत, पण वाटावं की टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाललोय. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स खोलावा लागेल म्हणून जो आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ जाणारा होता. एवढ्या पैशांत गाडी विकून टाकावी लागणार होती, आणि मग कवी संमेलनांना पुन्हा एसटीनं.

त्या रात्री मी प्रथमच गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. त्यात तेलाचं एक सांकेतिक नाव छापलं होतं. रिकाम्या बाटलीवर ‘फुल्ली सिंथेटिक’ असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत दुसरंच नाव. कवितेत मी समानार्थी शब्दांवर कधी विश्वास ठेवला नाही. तेलाच्या बाबतीत मात्र ठेवला होता. ही नावं आली कुठून, याचा शोध घेता घेता मी ज्या गोष्टीपर्यंत पोहोचलो, ती आज तुम्हाला सांगायची आहे. तिची सुरुवात समुद्रावर होते.

हर्मान फ्योटिंगर हे जर्मन इंजिनिअर जहाजांच्या कारखान्यात काम करत होते. वाफेचं टर्बाइन फार वेगानं फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. या दोघांत लोखंडी दात न घालता शक्ती कशी पोहोचवायची? १९०५ साली त्यांनी पेटंट घेतलं ते द्रवाच्या मार्फत शक्ती वाहून नेण्याचं. घरातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा, दुसराही हळूहळू फिरू लागतो. हवेच्या जागी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात, असं म्हटलं की कल्पना लक्षात येते.

हीच कल्पना अमेरिकेत मोटारीत उतरली. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्प्सन यांच्या चमूनं ‘हायड्रामॅटिक’ हा गिअरबॉक्स तयार केला आणि १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, तो विक्रीला आला. पाठोपाठ महायुद्ध आलं. अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवलेले असत. युद्ध संपल्यावर या गिअरबॉक्सचा खप वाढला आणि १९४९ मध्ये जनरल मोटर्सनं त्याच्या तेलासाठी पहिलं लेखी मानक ठरवलं, ‘टाइप ए’. १९५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’, जे नाव आजही बाटल्यांवर दिसतं.

तेलाला मानक कशासाठी लागतं? इंजिनातलं तेल एका अर्थी सरळमार्गी आहे. त्यानं घर्षण कमी करावं, थंडावा द्यावा, घाण वाहून न्यावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलच शक्ती वाहून नेतं आणि त्याच्याच दाबानं आतले क्लच आवळले जातात. हे क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या. त्यांच्यावर खास कागदासारखा थर असतो आणि तो कायम याच तेलात भिजलेला असतो. गिअर बदलताना चकत्यांनी क्षणभर एकमेकींवरून मऊपणे घसरावं आणि लगेच घट्ट धरावं. घसरणंही हवं आणि पकडही हवी. प्रमाण थोडं चुकलं की चकत्या धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, आणि गाडी थरथरते. माझ्या गाडीला हेच झालं होतं.

हे प्रमाण साधण्यासाठी त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांनी जो पदार्थ निवडला, तो वाचून मी थबकलो. ‘टाइप ए’च्या पुढच्या आवृत्तीत आणि पहिल्या डेक्सरॉनमध्ये देवमाशाचं तेल होतं.

तेही कुठल्याही देवमाशाचं नव्हे, स्पर्म व्हेलचं. त्याच्या प्रचंड चौकोनी डोक्यात मेणासारखं पांढरं तेल भरलेलं असतं. जुन्या खलाशांनी त्या द्रवाचा भलताच अर्थ लावला, म्हणून प्राण्याला हे नाव पडलं. रसायनाच्या भाषेत ते आपल्या शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलासारखं तेल नाहीच, ते द्रवरूप मेण आहे. धातूच्या पृष्ठभागावर त्याचा पातळ, चिवट थर बसतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्डची जहाजं याच्यासाठी वर्षानुवर्षं समुद्रावर असत. याच्या मेणबत्त्या इतक्या एकसारख्या जळत, की इंग्लंडमध्ये १८६० साली प्रकाश मोजण्याचं कायदेशीर माप अशाच मेणबत्तीवरून ठरवलं गेलं. ज्या शमेवर आम्ही शेर लिहितो, तिचं सरकारी माप माशाच्या डोक्यातून आलं होतं. (मासा म्हणायचं आपलं रीतीनं, देवमासा सस्तन प्राणी आहे.)

आमच्या घरात या प्राण्याचं नाव दुसऱ्या वाटेनं आलेलं आहे. अत्तरवाल्यांचा ‘अंबर’ तो याच देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधी द्रव्यांमध्ये त्याची नोंद केली आहे. मराठीत अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र, उर्दूत सुगंध. आपल्या इतिहासातल्या मलिक अंबरचं नाव आकाशावरून आलं असं मला लहानपणी वाटायचं. ते हबशी गुलामाला त्याच्या मालकानं दिलेलं, अत्तराच्या पेटीतलं नाव आहे. आज भारतात अंबर बाळगणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मुंबईत, कोकणात तस्कर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

पुन्हा तेलाकडे येऊ. १८५९ मध्ये पेनसिल्वेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि रॉकेलनं देवमाशाला वाचवलं, असं आपण शाळेत शिकलो. दिव्यापुरतं ते खरं आहे. पण विसाव्या शतकात साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले, शिडाच्या जहाजांच्या साऱ्या काळात मारले गेले त्यांपेक्षा कितीतरी जास्त. १९६०च्या दशकात हा आकडा वर्षाला २० हजारांच्या वर होता. सगळेच मोटारीसाठी मेले असं नाही. कातडी कमावायला, साबणाला, यंत्रांच्या वंगणाला, अनेक ठिकाणी हे तेल जायचं. पण चकचकीत गाडीत बसून, डाव्या पायाला आराम देत फिरणाऱ्या माणसाच्या सुखात तो वाटा होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

१९७० मध्ये अमेरिकेनं या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं, आणि १९७३च्या कायद्यानं या तेलाचा व्यापार पक्का बंद झाला. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय १९८२ चा, अंमल त्यानंतर तीन-चार वर्षांनी. तेल कंपन्यांपुढे प्रश्न पडला, आता गिअरबॉक्समध्ये काय घालायचं? १९७३च्या सुमारास ‘डेक्सरॉन-टू’ आलं, देवमाशाशिवायचं. त्याची पहिली आवृत्ती फसली. तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या जोडांवरचा धातू ती खाऊ लागली आणि गंजरोधक घालून नवी आवृत्ती काढावी लागली. दुसरीकडे ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटातल्या जोजोबा या झुडपाच्या बियांत जवळजवळ तसंच द्रवरूप मेण आहे, म्हणून त्याचे प्रयोग झाले. पुढे राजस्थानातही जोजोबाची लागवड झाली. आता तो बहुतेक केसांच्या तेलात आणि साबणात भेटतो.

फोर्डची वाट वेगळीच होती. ज्या १९६७ साली डेक्सरॉन आलं, त्याच साली फोर्डनं ‘टाइप एफ’ काढलं. त्यात मऊपणा आणणारं द्रव्यच नाही, क्लचनं चटकन आणि घट्ट धरावं असा हिशेब. म्हणजे बाजारात दोन तेलं, दोन्ही लालभडक, आणि स्वभाव एकमेकांच्या उलट. लाल रंग हा मुळात गळती ओळखू यावी म्हणून मिसळलेला. तो गुणाचा दाखला कधीच नव्हता. आता तर काही गिअरबॉक्सची तेलं हिरवी, पिवळसरही असतात.

राहिला ‘सिंथेटिक’ हा शब्द. एकेकाळी त्याचा अर्थ होता, प्रयोगशाळेत रेणू जोडून घडवलेलं तेल. नव्वदच्या दशकात कॅस्ट्रॉलनं अमेरिकेत आपल्या सिंथेटिक इंजिन तेलाचा पाया बदलला आणि खनिज तेलच कडक प्रक्रियेनं शुद्ध करून वापरलं. मोबिलनं तक्रार केली. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातविषयक पंचांनी निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला. तेव्हापासून दोन्ही प्रकारांवर हा शब्द लिहिता येतो. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. असं शुद्ध केलेलं तेलही उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत चांगलं वाहतं. पण तो शब्द मूळ तेलाबद्दल बोलतो. क्लच किती घसरेल आणि किती धरेल, हे आत मिसळलेली द्रव्यं ठरवतात, आणि त्यांची खूण फक्त मानकाच्या नावात असते.

म्हणून तेल घेताना मी आता आधी बारीक अक्षरं वाचतो. जनरल मोटर्सनं २००५ मध्ये ‘डेक्सरॉन-सिक्स’ आणलं, ते आधीच्या ‘थ्री’पेक्षा पातळ आहे. आपल्या जुन्या गिअरबॉक्सना ते चालेल असं कंपनीनं सांगितलं, पण नव्यात जुनं घालणं चालत नाही. टोयोटाचं ‘टी-फोर’ आणि नंतरचं ‘डब्ल्यूएस’ एकमेकांच्या जागी वापरू नका, असं ती कंपनी सांगते. बाटलीवर ‘मान्यताप्राप्त’ लिहिलंय की नुसतं ‘यासाठी योग्य’, हेही बघावं. पहिल्यात गाडीच्या कंपनीची संमती असते, दुसऱ्यात तेल विकणाऱ्याचा शब्द.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आल्यापासून स्वस्त ऑटोमॅटिकचा प्रसार झाला. पण तो एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला फक्त यंत्राचा पाय. त्यात हे लाल तेल नसतं, साधं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा पुलीवर घट्ट धरला जायला हवा, म्हणून तिचं तेल वेगळं. दोन क्लचवाल्या गाड्यांचं आणखी वेगळं. दुकानात जाऊन नुसतं “ऑटोमॅटिकचं ऑइल द्या” म्हटलं, तर दुकानदाराचा दोष नाही.

आणि तेल ‘आयुष्यभराचं’ आहे, बदलायला नको, असं कुणी म्हटलं तर विचारावं, कुणाच्या आयुष्याचं? गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच काही गिअरबॉक्ससाठी साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये, किंवा आठ वर्षांत, तेल बदलायला सांगते.

माझ्या गाडीचं काय झालं? पुस्तकातल्या नावाचं तेल शहरातून मागवलं आणि त्याच मिस्त्रींकडे गेलो. एका वेळी निम्मंच तेल निघतं, बाकीचं त्या दोन पंख्यांच्या डब्यात राहतं. म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा काढायचं, असं तीनदा केलं. दुसऱ्या खेपेनंतर थरथर कमी झाली, तिसऱ्या खेपेनंतर सपाट रस्त्यावर गेली. घाट चढताना क्वचित जाणवते. गिअरबॉक्स खोलावा लागला नाही.

देवमाशाची गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हातातल्या बाटलीकडे पाहत राहिले. “ह्यात नाही ना आता?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी बाटलीवरचं लेबल ब्लेडनं कापून माझ्या पुस्तकात त्या पानावर ठेवलं, आणि त्या दिवशी मजुरी घेतली नाही.