औंधच्या राजाने सोडलेली सत्ता

औंध म्हटलं की यमाई, संग्रहालय आणि सूर्यनमस्कारवाले राजे आठवतात. याच भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली चक्क आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, हे शाळेत मात्र कुणी सांगितलं नव्हतं! घटनेमागे गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची खटपट आणि राजपुत्र अप्पासाहेबांची साथ. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती, तिथून विधिमंडळ. इतर संस्थानांत लोक हक्कांसाठी लाठ्या खात होते, तेव्हाची ही गोष्ट.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, घटनाही संपली. विलीनीकरण हवंच होतं हो, पण गावाचा कारभारही त्याबरोबर जायला हवा होता का? जिल्हा परिषदा, पंचायत समित्या यायला मग १९६२ उजाडलं...