गॅसबत्तीचं मेंटल आणि ओलं जळण

बचत गटाच्या मागच्या बैठकीत वीजबिलावरून विषय निघाला आणि तारापूरपर्यंत गेला. एकीनं विचारलं, अणुवीज म्हणजे युरेनियमच का? दुसरं जळण नाहीच? आहे, थोरियम. आणि आपल्यातल्या वयस्कर बायांनी ते हातात धरलेलंही आहे.

वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन बाया चालायच्या, आठवतं? त्या बत्तीला कापडाची एक छोटी पिशवी बांधायचे, तिला आपण मेंटल म्हणायचो. ते कापड थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवलेलं असायचं. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जायचं आणि थोरियमच्या राखेची जाळी तेवढी उरायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, अगदी तसं. बोट लागलं की मोडायची, पण तापली की लख्ख पांढरा उजेड. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी 1891 च्या सुमारास हे मिश्रण बसवलं, 99 भाग थोरियम आणि 1 भाग सेरियम. पुढे 1898 मध्ये मेरी क्यूरी बाईंनी पॅरिसमध्ये दाखवलं की युरेनियमसारखेच थोरियममधूनही किरण निघतात. मेंटलमधले किरण सौम्य असले तरी त्याची पूड नाकातोंडात जाऊ नये. कुणाच्या माळ्यावर जुनी बत्ती असेल तर मेंटल फुंकून साफ करू नका.

मेंटलचा धंदा युरोपात जोरात चालला, पण त्यासाठी लागणारी मोनाझाइट नावाची रेती तेव्हा ब्राझीलमधून यायची. 1909 मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली रेती दिसली. तपासली तर मोनाझाइट! माग काढत तो मनवळकुरिचीच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथे रेती गाळण्याचं काम सुरू झालं. पहिल्या महायुद्धात ते इंग्रजांच्या हाती गेलं. इतिहासात शोंबर्गचं नाव राहिलं. पण केरळात नारळाची सोडणं कुजवायची, बडवायची, हातानं सूत वळायचं, हे काम बायांचंच. ती रेती काथ्याला चिकटून समुद्रापार गेली ती त्यांच्याच हाताखालून. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. आपल्या कोकणात काथ्या वळणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ही रेती जपायचं ठरवलं. 1955 मध्ये मुंबईत तुर्भ्याला थोरियमचा कारखाना सुरू झाला. त्याआधी 1954 मध्येच डॉ. होमी भाभांनी तीन टप्प्यांची योजना मांडली होती. आपल्या देशात युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर, हे त्यामागचं साधं कारण. केरळच्या मोनाझाइटमध्ये शेकडा आठ ते दहा भाग थोरियमचं ऑक्साइड सापडतं.

मग अजून थोरियमवर वीज का नाही? कारण थोरियम हे ओलं लाकूड आहे. ते आपलं आपण पेटत नाही. पावसाळ्यात आपण ओली लाकडं पेटत्या चुलीशेजारी रचून ठेवतो, मग ती वाळतात आणि जळतात. थोरियमलाही तसंच पेटत्या अणुभट्टीत ठेवावं लागतं. तिथले न्यूट्रॉन त्यात शिरले की आधी त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं आणि साधारण 27 दिवसांत त्यातल्या निम्म्याचं युरेनियम 233 बनतं. हे मात्र जळतं. म्हणून पहिल्या टप्प्यात साधं युरेनियम जाळून प्लुटोनियम मिळवायचं, दुसऱ्यात ते प्लुटोनियम वापरून आणखी जळण तयार करायचं, आणि तिसऱ्यात थोरियमकडे यायचं. घाई करून भागत नाही. शिवाय युरेनियम 233 सोबत येणाऱ्या अंशातून फार तीव्र किरण निघतात, त्यामुळे ते जाड भिंतींआडूनच हाताळावं लागतं.

दुसऱ्यावर अवलंबून राहिलं की काय होतं, ते तारापूरनं दाखवलं. 1969 मध्ये सुरू झालेल्या त्या भट्ट्यांचं जळण अमेरिकेतून यायचं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर ते अडलं, आणि पुढे फ्रान्सनं दिलं. कल्पाक्कमला 1985 मध्ये सुरू झालेल्या छोट्या भट्टीसाठीही समृद्ध युरेनियम मिळालं नाही, तेव्हा आपल्या लोकांनी प्लुटोनियम आणि युरेनियमच्या कार्बाइडचं जळण स्वतः बनवलं. आम्हाला सगळ्या कहाणीत हा भाग आवडतो. घरात जे आहे त्यातच चूल पेटवली.

1996 मध्ये कल्पाक्कमलाच 'कामिनी' ही भट्टी सुरू झाली. थोरियमपासून बनवलेल्या युरेनियम 233 वर ती चालते. ताकद फक्त 30 किलोवॅट, म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या आठ मोटारींएवढी. ती वीज देत नाही, वस्तूंच्या आतले दोष तपासायच्या कामी येते. दुसऱ्या टप्प्याच्या 500 मेगावॅटच्या मोठ्या भट्टीचा गाभा भरायला 2024 च्या मार्चमध्ये सुरुवात झाली.

हे सगळं सांगून झाल्यावर गटातल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे 1954 पासून लाकडं वाळतच आहेत म्हणायची." आम्ही हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, त्या काथ्यावाल्या बायांच्या गावात तरी वीज कधी आली?