मडक्यातला स्पीकर

परवाच्या शनिवारी जेऊरला गाडीतून उतरून एसटीनं करमाळ्याला घरी गेलो. काम एकच होतं. आजीच्या ओव्यांची कॅसेट. १९९१ साली बाबांनी ती जात्यापाशी बसवून रेकॉर्ड केली होती. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि कॅसेट एकच आहे. प्लेअरनं फीत गिळली की संपलं.

तुमच्यापैकी किती जणांनी बघितलंय माहीत नाही, पण आमच्याकडं स्टिरिओ म्हणजे दोन मडकी. अगदी पाण्याची, मातीची. तोंडावर आठ इंची स्पीकर ठेवायचा, कडेनं एम-सील लावायचं, झालं. तेव्हा परदेशी सामानावर जबर आयात शुल्क होतं, आणि देशी कंपन्यांचे डेक शिक्षकाच्या पगारात बसत नव्हते. दुसरीकडं फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात टी-सीरीजवाल्यांनी इतकी स्वस्त केली की प्रल्हाद शिंदे घरोघरी पोचले. गाणं स्वस्त, यंत्र महाग. मधली जागा गावोगावच्या रेडिओ मेकॅनिकनी भरली.

आमचा ॲम्प्लिफायरही असाच, पत्र्याच्या डब्यात जुळवलेला. आत ४४४० चा आयसी. हा सान्योचा एलए४४४०, मुळात गाडीतल्या टेपसाठी केलेला. एकाच चिपमध्ये दोन चॅनल, प्रत्येकी सहा वॅट. बारा व्होल्टवर चालतो, म्हणून वीज गेली की बाबा ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचे. शेजारीपाजारी अंधारात आणि आमच्याकडं अभंग चालू :)

आता मडकंच का? स्पीकरचा कागद पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं तेवढीच ओढतो. उघडा ठेवला तर खालच्या सुरांत पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज चिरका होतो. मागची लाट कोंडायला हवी. अमेरिकेत एडगर विल्चरनं १९५४ मध्ये एआर-१ हा हवाबंद पेटीचा स्पीकर काढला. कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते ही त्याची युक्ती, आणि तिथून घरगुती हाय-फाय लहान झालं. विल्चरचं नाव करमाळ्यात कुणी ऐकलेलं असण्याची शक्यता शून्य. पण भाजलेली माती ताठ असते, आणि गोल असल्यानं समोरासमोर सपाट भिंती नसतात. लाकडी खोक्यापेक्षा काही बाबतींत सरसच! मात्र आठ इंचीला दहा-बारा लिटरचं मडकं तंग होतं आणि बेस घुमतो. त्यावर उपाय गादीतला कापूस. बाबांनी तो भरलेला होता. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, "घुमत होतं, म्हणून घातला."

मी पहिल्या बोनसमधून एक होम थिएटर घेतलं होतं. खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ. हा आकडा म्हणजे निव्वळ थाप. त्यावर आजीची कॅसेट लावली होती तेव्हा ती डब्यातून बोलल्यासारखी वाटली. दोन वर्षांत ते बंद पडलं. असो.

तर शनिवार. डेकचा रबरी बेल्ट गळून चिकट झाला होता, नवा घातला. हेड स्पिरिटनं पुसलं. ॲम्प्लिफायर गुणगुणत होता, फिल्टरचा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला. सगळा खर्च दोनशेच्या आत. आजीची कॅसेट घालायची हिंमत होईना, म्हणून आधी एक फालतू कॅसेट तासभर वाजवली. मग लॅपटॉप जोडला आणि खरी घातली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेडशेजारचा स्क्रू आहे ना, अझिमथचा, तो केसभर फिरवला आणि एकदम जात्याची घरघर सुटी झाली. त्याच्यावर आजी.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "ते मधे खोकतंय ना, तो तू."

पस्तीस मिनिटं उतरवून घेतली, तीन ठिकाणी कॉपी ठेवल्या.

डावं मडकं मात्र तडकलेलं निघालं. बाबांनी उजव्याचं माप सुतळीनं घेऊन ठेवलंय. दुसरं त्याच मापाचं लागतं, नाहीतर दोन्हीकडचा आवाज जुळत नाही. कुंभाराकडं पुढच्या खेपेला जायचंय.