बेळगावचे पाणी : विहिरीपासून मीटरपर्यंत

1924 च्या डिसेंबरात बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. एवढ्या मोठ्या छावणीस पाणी कोठून पुरवावयाचे, ही स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांच्यापुढील मोठी विवंचना होती. टिळकवाडीच्या बाजूस एक प्रशस्त विहीर खोदण्यात आली आणि तिचे नाव 'पंपा सरोवर' असे ठेवण्यात आले. खर्च 4,370 रुपये 3 आणे. अधिवेशनाचा मंडप उठला. विहीर तेवढी राहिली.

वर्षाकाठी सुमारे 50 इंच पाऊस पडणाऱ्या गावास पाण्याची ददात पडावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु हा पाऊस चार महिन्यांत कोसळून मार्कंडेय आणि घटप्रभा यांच्या वाटेने कृष्णेकडे निघून जातो. त्यामुळे गाव वाढले की पाणी अधिक दुरून आणावयाचे, असाच क्रम पडला. आधी मार्कंडेयेवरील राकसकोप. पुढे घटप्रभेवरील हिडकल. हिडकलच्या जलाशयात 51 अब्ज घनफूट पाणी मावते, पण त्यावर मुख्य हक्क शेतीचा.

कृष्णेचे पाणी तीन राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1973 मध्ये निवाडा दिला. शहराने नदीतून उचललेल्या पाण्यापैकी केवळ 20 टक्के खर्ची पडले असे धरावे, असे त्यात ठरले. उरलेले 80 टक्के नदीला परत मिळते, हे गृहीत! ते कोणत्या अवस्थेत परत मिळते, याचा हिशेब त्या आकड्यात नाही.

1995 मध्ये राकसकोपने तळ दाखविला, तेव्हा नगरीला जुन्या विहिरींची आठवण झाली. कित्येकींत केरकचरा साचला होता. त्या उपसून वापरात आणल्या गेल्या. 'काँग्रेस विहीर' या नावाने ओळखले जाणारे पंपा सरोवरही त्यांत होते.

2008 मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने शहराच्या काही भागांत नव्या नळवाहिन्या, प्रत्येक घरास मीटर आणि अहोरात्र पाणी अशी योजना सुरू झाली. अहोरात्र पाणी दिल्यास उधळपट्टी वाढेल, ही शंका स्वाभाविक होती. परंतु पाणी आठवड्यातून एकदोनदाच येते, तेथे गृहिणी भीतीपोटी सारी भांडी भरते आणि ताजे पाणी आले की शिळे ओतून देते. तोट्याही उघड्याच राहतात. पाणी हमखास येणार आणि वापराइतके बिल भरावयाचे, असे झाले की साठ्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय वाहिनीत सतत दाब असल्याने गळती कोठे आहे हे शोधता येते.

निपाणीकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. वेदगंगा आणि दूधगंगा महाराष्ट्रातून येतात. काळम्मावाडीच्या धरणातील पाण्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की वरून पाणी केव्हा सुटते, याकडे नदीकाठचे डोळे लागतात. त्या पाण्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ऊस. बेळगावच्या गृहस्थाच्या नळास मीटर बसला. उसाच्या पाटाचे पाणी मात्र अद्याप बहुधा मापाने नव्हे, एकरानेच आकारले जाते.