ठासणीची बंदूक
भात पोटरीला आले की रानडुकरे डोंगर उतरतात, हा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीतील शेतकऱ्याचा पिढीजात अनुभव असल्याने, १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक सरकारी परवान्याखाली आली तरी राखणीची ठासणीची बंदूक त्याला हवीच होती. नळीत दारू ओतावयाची, चिंधी गजाने ठासावयाची, मग छरे, पुन्हा चिंधी, शेवटी घोड्याखाली टोपी: एवढ्या खटाटोपाअंती मिळे एकच बार, म्हणून पायी हिंडणाऱ्या राखणदारास जनावर टप्प्यात येईतो श्वास रोखून थांबणे भाग पडे, आणि हा संयमच मला त्या शिकारीचा श्रेष्ठ गुण वाटतो. १९५९च्या हत्यारांच्या कायद्यानेही पीकसंरक्षणार्थ या बंदुकीची स्वतंत्र दखल घेतली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर मात्र रानडुकराची शिकारही सरकारी अनुमतीवाचून गुन्हा ठरली. आणि याच किनारपट्टीतले, एकेकाळी जंजिरा संस्थानच्या नवाबांचे राखीव शिकाररान असलेले फणसाडही १९८६ साली अभयारण्य झाले.